खांब

मुलांना शाळेत सोडलं की बस यार्डात लावते,
इंजिनाची वायर भिंतीतल्या प्लगला जोडते
आणि ड्रायव्हरच्याच सीटवर बसून विणते.
एका दिवसाची एक ओळ, ओळीत एकशे ऐंशी खांब.

रंगांचा तक्ता कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यामागे, पेन्सिलीनं.
विशीच्या वर विटकरी, त्याखाली मोहरी, पिवळा,
शून्याच्या जरा वर फिकट पोपटी,
जरा खाली फिकट निळा, मग निळ्यावर निळा,
उणे तीसला जांभळा,
उणे चाळीसला काळा.
उणे चाळीसला बस निघत नाही.
वडील शेवटपर्यंत फॅरनहाइटमध्ये बोलले, मी शाळेत सेल्सिअस शिकले;
आमचं एकमत व्हायचं ते त्या एकाच आकड्यावर.
जानेवारीत तीन काळ्या ओळी आहेत.

थर्मामीटर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा,
वेळ सकाळी सहाची.
रेडिओ विमानतळाचा आकडा सांगतो.
विमानतळ नव्वद किलोमीटरवर. तिथे मी राहत नाही.

सस्कॅचवानमधला रस्ता वळायचं विसरलेला.
खांब, तार, खांब, तार, मधेच कुणाचं तरी धान्याचं कोठार.
"मिसेस वॉसिल, आज काय?" मुलं चढता चढता विचारतात.
ट्रीना फ्रीझनला जांभळा आवडतो,
म्हणून ती रात्री थंडी मागते.
तिचा भाऊ कोल्बी काही मागत नाही, वहीत आकडे लिहितो.

जुलैत आठवडाभर उत्तरेचं रान जळत होतं.
दिवसा दिवे लावले, चादरी घरातच वाळवल्या.
थर्मामीटर म्हणाला चौदा.
चौदाला पिवळा. धुराला तक्त्यात जागा नव्हती.

नोव्हेंबरात एका दुपारी कोल्बी सगळ्यांआधी बसमध्ये आला,
माझ्या मांडीकडे बघत राहिला.
"आज उणे तीन होतं."
मग?
"हा पोपटी आहे."
निळाच आहे, म्हटलं.
त्यानं पिशवीतून दोन गुंडे काढले,
एक माझ्या डाव्या हातात ठेवला, एक उजव्या,
आणि काही बोलला नाही.

गेल्या मंगळवारी रेल्वे फाटकाचा दिवा
मला जरा उशिरा दिसला होता.
मागे एकोणीस मुलं होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी किल्ल्या गार्नेटच्या टेबलावर ठेवल्या.
त्या दिवसाची ओळ मुठीत आवळून विणल्यासारखी झालीय,
बाकीच्यांपेक्षा चार बोटं अरुंद.
अंधारातसुद्धा हाताला लागते.

मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाली, दोन्ही डोळ्यांत. रांगेत नंबर लागला मे महिन्यात.
तोवर वर्ष संपलं होतं, ब्लँकेट पूर्ण होऊन
कपाटात घडी घालून पडलं होतं.
दुसऱ्याही डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आले,
बूटही न काढता ते पलंगावर पसरलं.

इतका निळा!
बाजारातून आणला तेव्हाही एवढा नव्हता.
आणि त्याच्यात घुसलेलं हे काय?
पोपटी, चार ओळी निळ्या, परत पोपटी.
कुरणांवर दंव पडत होतं,
बसच्या काचा मी पत्र्यानं खरवडत होते,
आणि मांडीवर ऑक्टोबरभर कोवळं गवत उगवत होतं.

शेजारची व्हर्ना म्हणाली, उसव.
आकडे आहेत ना त्या पोराच्या वहीत?
आहेत. सगळे आहेत.
उरलेल्या लोकरीच्या पिशवीशेजारी बसून
एक टोक सोडवलंही मी,
सात-आठ खांब सुटले.
चहा प्याले. मग ते परत घातले, त्याच पोपटीचे.

सप्टेंबरात किल्ल्या परत मिळाल्या.
कोल्बी आता मागच्या बाकावर बसतो, मोठ्या मुलांत.
फाटकाशी मी बस थांबवते, पंखा बंद करते,
दार उघडते. गार वारा आत येतो, मुलं ओरडतात.
डावीकडे बघते, उजवीकडे बघते, ऐकते.
"मिसेस वॉसिल, आज काय?"
थांबा जरा.
रूळ रिकामे.
उणे दोन, मी सांगते, आणि दार लावून घेते.